फॉर्म भरून घेतलात, आता तपासणीही करा! एका आशाताईचं खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि विधिमंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय: गावातल्या बायकांची कॅन्सरची तपासणी आणि कॅन्सरने मोडणारी घरं

सविनय नमस्कार.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात चौदा वर्षांपासून आशा स्वयंसेविका आहे. बाळंतपणं, लसीकरण, क्षयरोगाच्या गोळ्या, साथीचे सर्वे ही माझी रोजची कामं. त्यातल्याच एका कामाबद्दल हे पत्र आहे, कारण ते काम पुरतं झालं असतं तर माझ्या घरातली एक बाई आज हयात असती.

काम असं. गावातल्या तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरायचा. त्याला आम्ही सीबॅक म्हणतो. तंबाखू खाता का, दारू पिता का, कमरेचा घेर किती, घरात बीपी-शुगर कुणाला आहे, असं सुरू होतं. मग पुढचे प्रश्न येतात. तोंडात न भरणारी जखम आहे का? तोंड उघडायला त्रास होतो का? आणि बायकांसाठी: छातीत गाठ लागते का? दोन पाळ्यांच्या मधे रक्त जातं का? पाळी गेल्यावर परत दिसलं का? संबंधानंतर रक्त जातं का? घाण वासाचं पाणी जातं का? ओसरीवर सासू समोर बसलेली असताना हे विचारता येत नाही. मी बाईला गोठ्यात नेते, नाहीतर हंडा उचलून तिच्याबरोबर पाण्याला जाते आणि वाटेत विचारते. एका फॉर्मचे दहा रुपये मिळतात. दहा रुपयांसाठी एवढं कुणी करत नाही. बाई एकदा विश्वासाने ‘होय गं, जातंय’ म्हणाली की तिच्यासाठी पुढे काहीतरी होईल, या आशेवर मी करते.

गेल्या महिन्यात बैठकीत आम्हाला पुन्हा उद्दिष्ट मिळालं. महिनाअखेर शंभर टक्के फॉर्म. मी हात वर करून विचारलं, मागच्या वेळी ज्या बायांचं उत्तर ‘हो’ आलं होतं, त्यांचं पुढे काय झालं? उत्तर मिळालं, ‘ताई, आधी फॉर्म पूर्ण करा, टक्केवारी कमी दिसतेय.’ त्याच रात्री हे पत्र लिहायला बसले.

माझ्या थोरल्या जाऊबाई. घरात सगळे त्यांना अक्का म्हणायचे. २०२१ च्या सप्टेंबरात, ऊसतोडीला जायच्या आधी, त्यांचा फॉर्म मीच भरला. दोन पाळ्यांच्या मधे रक्त, हो. घाण वासाचं पाणी, हो. संबंधानंतर रक्त या प्रश्नावर त्या खाली बघून म्हणाल्या, ‘लिही हो म्हणून, कुणाला सांगू नको.’ तेव्हा त्या ३८ वर्षांच्या होत्या. फॉर्म गठ्ठ्यात गेला. मी दोनदा आठवण केली. तपासणीचं शिबिर होईल तेव्हा बोलावू, असं कळलं. शिबिर झालं तेव्हा अक्का कारखान्याच्या फडात होत्या.

पुढच्या वर्षी त्रास वाढला. फडावरून आल्यावर नवऱ्याने त्यांना एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथे सोनोग्राफी झाली आणि सांगण्यात आलं, गर्भपिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. चाळीस हजार रुपये लागले. पिशवी काढण्याआधी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी झाली नाही. काढलेली पिशवी तपासायला पाठवली का, हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि हातात रिपोर्टही दिला नाही. वर्षाच्या आत पुन्हा रक्त सुरू झालं. या वेळी दुसऱ्या जिल्ह्यातल्या मोठ्या रुग्णालयात तुकडा काढून तपासला, तेव्हा समजलं की कॅन्सर पहिल्यापासूनच असणार. कॅन्सर होईल म्हणून ज्या बाईची पिशवी काढली, तिला त्या वेळी कॅन्सर आहे का, एवढं मात्र कुणी पाहिलं नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं की आधीच तपासलं असतं तर उपचारांची आखणीच वेगळी झाली असती. पंचवीस शेक, म्हणजे रेडिएशन, मग आतून शेक, सोबत दर आठवड्याला केमोची सलाईन. मार्च २०२४ मध्ये अक्का गेल्या.

आता माझ्या जिल्ह्याबद्दल थोडं सांगते, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांना हे ठाऊक नसावं.

१९९९ साली, जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं तेव्हा, इथे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा एक फार मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायका त्यात होत्या. आमच्या सासूबाई त्यांतल्या एक. गावात गाडी यायची, बाया घोळक्याने जायच्या, लाजायच्या, हसायच्या, असं त्या अजून सांगतात. गावांचे चार गट केले होते. एका गटात, ज्याच्यामुळे हा कॅन्सर होतो त्या एचपीव्ही या विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी घेऊन तपासणं, तिसऱ्यात व्हिनेगरसारखं ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणं, आणि चौथा गट नेहमीच्या सोयींवर. आठ वर्षं पाठपुरावा झाला. एप्रिल २००९ मध्ये निष्कर्ष जगासमोर आले. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४,१२६ बायका होत्या आणि या कॅन्सरने ३४ गेल्या. नेहमीच्या सोयींवरच्या गटात ३१,४८८ बायका होत्या आणि ६४ गेल्या. आयुष्यात एकदा केलेल्या एका चाचणीने मरणं जवळजवळ निम्म्यावर आली. पॅप आणि ॲसिडच्या एका फेरीने मरणांत तेवढा ठोस फरक पडला नाही.

चौथ्या गटाला चाचणी का दिली नाही यावर पुढे मोठा वाद झाला. तो मी इथे उकरत नाही. पण त्या ६४ बाया आमच्याच शिवारातल्या, कुणाच्या सासवा, कुणाच्या आया. त्यांच्या मरणाचा आकडा त्या निष्कर्षात आहे. आज एचपीव्ही चाचणी सगळ्यात आधी करा, असं जागतिक आरोग्य संघटना सगळ्या देशांना सांगते. त्यामागच्या भक्कम पुराव्यांपैकी एक आमच्या जिल्ह्यातल्या बायकांनी दिला आहे. आणि त्याच जिल्ह्यातल्या माझ्या उपकेंद्रात ही चाचणी आजही नाही. अक्का १९९९ मध्ये सोळा वर्षांच्या होत्या, आमच्याकडे नांदायला आल्या तोवर गाड्या येऊन गेल्या होत्या. २००९ मध्ये जगाला कळलं. २०२१ मध्ये मी फॉर्म भरला. मधल्या बारा वर्षांत काय अडलं होतं, हा माझा पहिला प्रश्न आहे आणि पहिली तक्रारही.

हा कॅन्सर माणसाला वेळ देतो. विषाणू शरीरात ठाण मांडून बसल्यापासून कॅन्सर व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षं जातात. त्या काळात कधीही सापडला तर गावाजवळच्या रुग्णालयात छोट्याशा उपचाराने बाई बरी होऊन संध्याकाळी घरी येऊ शकते. असं असताना २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार देशात एका वर्षात या एकाच कॅन्सरच्या सव्वा लाखावर नव्या रुग्ण झाल्या आणि सुमारे ८० हजार बायका गेल्या. सगळे कॅन्सर धरले तर १४ लाखांवर नवे रुग्ण आणि ९ लाखांवर मृत्यू. आणि तपासणी? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, ३० ते ४९ वयाच्या शंभरातल्या दोन बायकांचीही गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी कधी झालेली नव्हती. १.९ टक्के. छातीची ०.९ टक्के. फॉर्मची टक्केवारी कमी दिसते म्हणून आम्हाला बोलणी खावी लागतात. या टक्केवारीबद्दल कुणाला बोलणी बसतात?

दुसरी तक्रार पिशव्यांची आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. विधिमंडळात त्यावर चर्चा झाली, समिती बसली, हे आपल्याला माहीत आहे. ऑपरेशनसाठी बायांना कॅन्सरचीच भीती घातली जाते, हेही तेव्हा बाहेर आलं. मला त्यापुढचं सांगायचं आहे. कॅन्सरच्या नावाने एवढ्या पिशव्या काढल्या जातात, पण काढण्याआधी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी आणि काढल्यावर पिशवी प्रयोगशाळेत, हा साधा नियम गावपातळीवर कुणी पाळून घेत नाही. निरोगी बाई पिशवी गमावते आणि आजारी बाईचा आजार आतच राहतो. माझ्या गावात पिशवी काढलेल्या अकरा जणी आहेत. मी घरोघर जाऊन विचारलं, एकीकडेही तपासणीचा कागद निघाला नाही.

तिसरी तक्रार पैशांची, आणि इथे मी जरा थांबून सांगणार आहे. कॅन्सरचा देशावर किती बोजा पडतो याचे मोठे आकडे अधूनमधून छापून येतात. ते आकडे घरात कसे उतरतात, ते आमच्याकडे येऊन बघा.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात. मुकादम उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्याला. बायको आजारी पडली की कोयता मोडतो, नवरा अर्धा कोयता होतो. अर्ध्या कोयत्याला कुणी पूर्ण उचल देत नाही आणि घेतलेली उचल तर फिटायचीच असते. अक्का आजारी पडल्या त्या साली एक लाखाची उचल घेऊन झाली होती. उपचार सरकारी योजनेतून झाले. शेक, सलाईन, खाट, यांचे पैसे लागले नाहीत आणि त्यासाठी मी सरकारची मनापासून आभारी आहे. महात्मा फुले योजना नसती तर अक्कांना शेक मिळालाच नसता. पण योजना सुरू होते ती कॅन्सर आहे हे कागदावर आल्यावर. तोवरच्या तपासण्या, एमआरआय, तुकड्याचा रिपोर्ट, फेऱ्या, सगळं खिशातून. मग पाच आठवडे, आठवड्याचे पाच दिवस शेक. रोज गावाहून जाणं-येणं झेपत नाही, म्हणून शहरात खोली. सोबतीला एक माणूस, त्याची मजुरी बंद. दिरांनी एका वहीत सगळं लिहून ठेवलं आहे. पिशवीच्या ऑपरेशनचे चाळीस हजार धरून १ लाख ८७ हजार. त्यात एक म्हैस गेली, मण्यांची सोन्याची पोत गेली आणि विहिरीजवळची अर्धा एकर गहाण पडली.

आणि वहीत नसलेलं एक. अक्कांची मुलगी नववीत होती. पुढच्या हंगामात कोयता पुरा करायला बापाबरोबर ती फडात गेली. शाळेच्या पटावर तिचं नाव अजून आहे. मी तिच्या घरी गेले तेव्हा ती आईच्याच जुन्या कोयत्याची मूठ बांधत होती. माझ्या कुठल्या फॉर्ममध्ये हे लिहायला रकाना नाही.

देशाच्या २०१७-१८ च्या आरोग्य पाहणीत कॅन्सरसाठी एकदा दाखल झालं तर सरकारी रुग्णालयात सरासरी सुमारे साडेबावीस हजार आणि खासगीत सुमारे ९३ हजार रुपये खर्च येतो, असं निघालं. तंबाखूमुळे होणाऱ्या सगळ्या आजारांचा आणि अकाली मृत्यूंचा बोजा त्याच साली १ लाख ७७ हजार कोटींवर होता, देशाच्या एकूण उत्पन्नाच्या एक टक्क्याहून जास्त. गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे. माझ्या गावातल्या टपरीवर तो रोज मिळतो, पोरंसोरं जाऊन आणतात. बाया मिश्री लावतात, दिवसातून चार वेळा. त्यावर मी स्वतंत्र पत्र लिहीन, कारण तो विषय मोठा आहे.

निराधार योजनेचं एक सांगायलाच हवं. संजय गांधी निराधार अनुदानात कॅन्सरच्या रुग्णाला महिना दीड हजार मिळू शकतात. पण उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजारांची. महिन्याला साडेसतराशे रुपये. घामाची मजुरी करणारं कुठलं कुटुंब एवढ्यात बसतं? अक्कांचा अर्ज मी स्वतः भरला होता. परत आला.

चौथी तक्रार लिहिताना हात थरथरतो. शेवटचे दोन महिने अक्का घरीच होत्या. कमरेत, पायात कळा. रात्रभर विव्हळायच्या, वस्तीवरची कुत्री भुंकायला लागायची. आमच्याकडे त्यासाठी साध्या दुखण्याच्या गोळ्या होत्या. मॉर्फिनची गोळी कुठे मिळेल हे विचारत आम्ही तीन गावं पालथी घातली. महाराष्ट्राने वेदनाशमन सेवेचं धोरण २०१२ मध्येच केलं, या औषधांचा कायदा केंद्राने २०१४ मध्ये सोपा केला. आपल्या देशात सरकारी परवान्याने अफू पिकते, मध्य प्रदेशात, राजस्थानात. तरी एक बाई दोन महिने विव्हळत राहिली. शेवटी दीर मला म्हणाले, ‘ताई, बरं करायला नाही म्हणत, निजवायला तरी काही दे.’ माझ्या पेटीत काही नव्हतं.

माझ्या मागण्या अशा आहेत. त्यातली एकही नवीन शोध लावायला सांगत नाही.

एचपीव्ही चाचणी धाराशिवपासून सुरू करा. आमच्या बायकांचं आपल्यावर हे देणं आहे. मग बीड, लातूर, सोलापूर, पुढे सगळं राज्य. तीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईला किमान एकदा. नमुना बाई स्वतःच घेऊ शकते अशी सोय आता जगभर मान्य आहे. तशी नळी माझ्याकडे द्या, मी घरोघर समजावून सांगेन. लाजेचा प्रश्न त्याने निम्मा सुटेल. आणि हे काम ऑगस्ट-सप्टेंबरात करा, टोळ्या निघायच्या आधी. दिवाळीनंतर शिबिर लावून आमच्या भागात कुणीही सापडत नाही.

सीबॅकमध्ये ‘हो’ आलं की तीस दिवसांच्या आत त्या बाईची तपासणी व्हावी आणि काय झालं ते लेखी माझ्याकडे परत यावं. फॉर्म किती भरले याबरोबर ‘हो’वाल्या किती तपासल्या, हा आकडाही आढावा बैठकीत आधी वाचला जावा.

कॅन्सरच्या भीतीने पिशवी काढायची असेल तर आधी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी आणि नंतर पिशवीचा प्रयोगशाळेचा रिपोर्ट, दोन्ही सक्तीचे करा. रिपोर्ट बाईच्या हातात, तिला कळेल अशा मराठीत. हे खासगी दवाखान्यांनाही लागू असावं.

उपचार सुरू असेतोवर प्रवास, खोली आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी योजनेतून द्या. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे पैसे ठरलेले आहेत, त्यातून कॅन्सर झालेल्या कोयत्याची त्या हंगामाची उचल फेडा, म्हणजे आईच्या जागी पोरगी फडात जाणार नाही. निराधार योजनेतली २१ हजारांची अट कॅन्सरच्या रुग्णांसाठी काढून टाका.

प्रत्येक तालुक्यात निदान एका सरकारी रुग्णालयात मॉर्फिन असू द्या, ते लिहून देणारा डॉक्टर असू द्या आणि त्यांचं नाव-पत्ता आम्हा आशांना द्या.

मुलींना लस द्या, हे वेगळं सांगायला नको. पुण्यात ती तयार होते. फक्त लस आली म्हणून तपासणीचं काम मागे टाकू नका. माझ्या गावात आज तिशी ओलांडलेल्या एकशे चौसष्ट बाया आहेत, लसीचं वय त्यांचं कधीच सरलं.

मला कुणा डॉक्टरची, कुणा अधिकाऱ्याची चौकशी नको आहे. आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टर एकट्या चार गावं बघतात, त्यांच्याकडे ना वेळ ना साहित्य. त्यांना दोष देऊन मला झोप लागणार नाही. निर्णय आणि पैसा जिथे ठरतो, तिथे हे पत्र पाठवते आहे.

नव्या फॉर्मचा गठ्ठा माझ्याकडे आला आहे. मी तो भरणार आहे, गोठ्यात उभी राहून, पूर्वीसारखाच. दर महिन्याच्या एक तारखेला मी आपल्याला एक पोस्टकार्ड पाठवीन. त्यावर कुणाचं नाव नसेल, दोनच आकडे असतील: किती जणी ‘हो’ म्हणाल्या आणि त्यांतल्या किती जणींची तपासणी झाली. पहिलं कार्ड या पत्रासोबत जोडलं आहे. त्यावर लिहिलं आहे, नऊ आणि शून्य.

आपली,
एक आशा स्वयंसेविका
जिल्हा धाराशिव